सगळे बसले का?

शरणपूर, नाशिक
५ मे २०२५

चि. शमू,

सलाम. अक्षर बघून पाकीट बाजूला ठेवू नकोस. अक्षर तुझ्या बायकोचं आहे, तोंड माझं आहे. मला लिहिता येत नाही हे तुला माहीत आहे. या घरात लिहिता येणारी मोठी माणसं दोनच, त्यातला एक तू, आणि तू परगावी. शेजारच्या मंगलाबाईंना सांगितलं असतं, पण त्यांनी पोस्टात टाकायच्या आधी ओट्यावर बसून अर्ध्या कॉलनीला वाचून दाखवलं असतं. म्हणून तबिथाच.

फोन का नाही केला, असं विचारशील. फोनवर तू बोलतोस आणि मी ऐकते. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही.

तबीनं आधीच अट घातलीय. "आजी, तुम्ही सांगाल ते लिहीन, इकडचा शब्द तिकडे करणार नाही. पण माझ्या वतीनं काही सांगायचं नाही." मी म्हटलं, बरं. नुकतीच दवाखान्यातली ड्युटी संपवून आलीय. पाय गरम पाण्याच्या बादलीत, मांडीवर पोळपाट आणि पोळपाटावर कागद. हे तिच्या वतीनं नाही सांगत. मला दिसतंय ते सांगते.

तर शमू, ईस्टरच्या आधी तुझा फोन बंद झाला तो झालाच. ईस्टरच्या दिवशी मंडळीतल्या प्रत्येकानं विचारलं, शमुवेलभाऊंचा फोन आला का? मी म्हटलं, आला असेल, मला ऐकू कमी येतं. चर्चच्या दारात उभं राहून सणाच्या दिवशी खोटं बोलले. ते तुझ्या खात्यावर टाकलंय.

आता तुझी बाजू मी सांगते, म्हणजे मला कळली नाही असं तुला वाटायला नको. सातपूरच्या कंपनीतली नोकरी सोडून तू पूर्णवेळ सेवेला निघालास, पुरुषांची शिबिरं घ्यायला. आज सोलापूर, उद्या जालना. निघताना उंबऱ्यात उभा राहून म्हणालास, "मी कुठंही असलो तरी या घराचं मस्तक मीच आहे. जेवणाआधीची प्रार्थना रोज मीच करीन, फोनवरून. आजोबांच्या घरात पुरुषाच्या प्रार्थनेशिवाय कुणी घास घेतला नाही, माझ्या घरातही घेणार नाही." मला बरं वाटलं होतं तेव्हा. आईबाप गेलेलं पोर मी वाढवलं, ते असं बोलायला लागलं म्हणून.

मग रोज संध्याकाळी आम्ही फोन वरणाच्या पातेल्याला टेकवून ठेवायचो. ताटं वाढलेली, हात जोडलेले, फोन गप्प. तुझी सभा लांबायची. कधी रेंज नसायची. भात निवायचा, वरणावर साय धरायची, रिबू पेंगायची. एकदा फोन वाजला तर तुझ्या पोरीनं पटकन डोळे मिटले. पलीकडून कुणी बाई विचारत होती, कर्ज हवंय का. रिबू म्हणाली "आमेन" आणि जेवायला लागली. मी तिला अडवलं नाही. त्या बाईचा आवाज तुझ्यापेक्षा गोड होता.

शेवटचा फोन आला त्या दिवशी काय झालं तेही लिही, तबी. तू घरात नव्हतीस, मी होते.

रिबूला ताप होता. औषध जेवणानंतर द्यायचं होतं. तबी ड्युटीवर. तुझ्या फोनची वाट बघितली, नाही आला. पोरीनं ताटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग आपणच हात जोडले. "येशूबाबा, भात गरम आहे, थँक्यू, आमेन." जेवली. औषध घेतलं. मग तुझा फोन आला.

"बसलात का सगळे?"

मी म्हटलं, "उठलोसुद्धा."

पुढचं तुला पाठ आहे. घरात व्यवस्था नाही, माझ्या अधिकाराला किंमत नाही, मग मी कशाला फोन करू. मी थांबले होते रे मध्ये. मला वाटलं, आता विचारशील, ताप किती आहे? ते विचारायचं तुझं राहून गेलं.

बाकी सगळं बरं आहे. न्हाणीतला नळ गळतोय. जाताना म्हणाला होतास, पुढच्या वेळी आलो की वॉशर बदलतो. मी खाली बादली ठेवलीय. रात्री टप टप वाजत राहतं आणि मी जागी असते, तेवढीच सोबत.

तुझी आजी,
हन्नाबाई


शरणपूर, नाशिक
२६ मे २०२५

चि. शमू,

पत्राचं उत्तर पत्रानं द्यायचं असतं. तू तबीच्या मोबाइलवर निरोप धाडलास. तिनं वाचून दाखवला. "आजीला सांग पत्र मिळालं. प्रश्न भाताचा नाही, व्यवस्थेचा आहे. मी प्रार्थनेत आहे."

रहा. पण व्यवस्थेचा प्रश्न आहे म्हणतोस म्हणून सांगते, जेवणाची व्यवस्था आता चांगली आहे. रिबू प्रार्थना म्हणते आणि आम्ही गरम जेवतो. तिची प्रार्थना छोटी असते. कालची होती, "भेंडी नको होती, तरी थँक्यू."

काल उपासनेनंतर पाळकसाहेबांनी जाहीर केलं. पंधरा जूनला पितृदिन, संदेश द्यायला आपल्याच मंडळीचे सुपुत्र येणार, विषय 'ख्रिस्ती पुरुष आणि त्याचं घर'. सगळ्यांनी वळून आमच्या बाकाकडे बघितलं. मी मान हलवली, जसं काही मला आधीच माहीत होतं. बाहेर आल्यावर पाळकसाहेबांच्या बाईंनी सांगितलं, तू राहायची सोय आवारातल्या पाहुण्यांच्या खोलीत मागितलीयस म्हणून. आमच्या दारातून हाक मारली तर त्या खोलीत ऐकू जाते, शमू. लहानपणी तुला त्याच आवारातून जेवायला हाका मारायचे.

तुझे व्हिडिओ बघते मी. मंगलाबाई दाखवतात. त्या रोज काळारामाला जाणाऱ्या बाई, पण तुझं बोलणं आवडीनं ऐकतात. तू हात उंच करून म्हणतोस, पुरुषा, जागा हो, तुझ्या बायकोसाठी स्वतःला दे, तुझ्या लेकरांपुढं उभा राहा. मंगलाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, "हन्नाबाई, काय बोलतो हो पोरगा! घरी कधी येतो?"

मी म्हटलं, "व्हिडिओत येतो."

आता जे सांगणार आहे ते तबीला लिहायचं नाही. पेन ठेवून आत गेली होती. चहा करून आली, मला दिला, परत बसली. मी म्हटलं, लिही. म्हणाली, "आजी, मी घाबरवून नवरा परत आणणार नाही."

"घाबरवत कुठं आहे? बातमी देते."

"त्यांना कळवायचं असेल तर मी कळवीन."

"कधी कळवशील? सामान टेम्पोत चढल्यावर?"

आता लिहितेय, पण जोर देऊन लिहितेय. कागद फाटेल.

बातमी अशी. तिची बहीण पुण्यात ज्या मोठ्या दवाखान्यात आहे, तिथं नर्सची जागा आहे. राहायला खोली मिळते, शाळा फाटकासमोर. जूनच्या अखेरीपर्यंत हो-नाही कळवायचं आहे. तबी गेली तर रिबूला घेऊन जाणार आणि परत यायचं म्हणून जाणार नाही. हे तिनं मला भांडून नाही सांगितलं. पोळ्या लाटताना सांगितलं, मागच्या वर्षी गॅस संपलाय म्हणून सांगितलं होतं तशा आवाजात. तेव्हा मला कळलं की ती खरंच दमली आहे. भांडणाऱ्या बाईला अजून काही हवं असतं.

मी तिला थांब म्हटलं नाही. माझी नात म्हणून असती तर म्हटलं असतं, कालच जायचं होतंस.

तर तुला एवढंच. पंधरा जूनला व्यासपीठावर चढायच्या आधी घरी ये. बोलू नकोस काही. दाढी करून ये, नाही केली तरी ये. बस, पाणी पी. रिबूचा पुढचा दात पडलाय, तो बघ. मग खुशाल जा आणि पुरुषांना जागं कर.

तुझी आजी,
हन्नाबाई

(वरचं आजींनी सांगितलं म्हणून लिहिलं आहे. नळ मी दुरुस्त केला. वॉशर झिजला होता. — त.)


शरणपूर, नाशिक
१६ जून २०२५

चि. शमू,

घरी आला नाहीस. बरं.

तू समोर व्यासपीठावर होतास, आम्ही खाली होतो. तुला वरून जे दिसलं नाही ते सांगते.

तबी रात्रपाळी करून थेट चर्चमध्ये आली होती, पांढऱ्या कपड्यांतच. रिबूला मी नटवून नेलं. रविवारच्या शाळेच्या पोरांनी बापांना फुलं दिली तेव्हा तीही गेली. तू वाकलास, फूल घेतलंस, फोटो निघाला. परत येऊन माझ्या कानात म्हणाली, "पप्पांच्या अंगाला वेगळाच वास येतो." पाहुण्यांच्या खोलीतला साबण असेल, मी म्हटलं.

संदेश चांगला झाला. खोटं कशाला बोलू? म्हातारे बाप रुमाल काढून बसले होते. भालेराव मास्तरांनी तर तिथंच बायकोचा हात धरला, आणि तिनं सोडवून घेतला, कारण तिला पर्समधून चष्मा काढायचा होता.

मग तू तुझ्या आजोबांची गोष्ट सांगितलीस. "माझे आजोबा दानिएल, एसटीच्या वर्कशॉपमधले साधे मेकॅनिक. पण घरात त्यांचा असा अधिकार होता की त्यांनी प्रार्थना केल्याशिवाय कुणी घास उचलत नसे. ताटं निवायची, पण कुणाची हिंमत नव्हती. हा ख्रिस्ती पुरुष!" सगळे "आमेन" म्हणाले. मी नाही म्हटलं. त्यावर मागाहून येते.

आधी प्रीतिभोजनाचं. मांडवात पुलाव, रस्सा, पापड. सगळे ताटं घेऊन उभे, आणि प्रार्थनेला पाळकसाहेबांनी तुला बोलावलं. तू सुरू केलंस. बापांसाठी केलीस, आजोबांसाठी केलीस, तरुणांसाठी, व्यसनी लोकांसाठी, सरकारसाठी. मी प्रार्थनेत डोळे मिटत नाही हे तुला माहीत आहे. इतक्या वर्षांत देवानं त्याबद्दल काही म्हटलेलं नाही. तर मी बघत होते. तुझी पोरगी शेवटच्या खुर्चीवर बसली, ताटापुढं हात जोडले, ओठ हलवले आणि पापड उचलला.

कुर्र.

सगळा मांडव शांत, त्यात तो एक आवाज. तू एक डोळा उघडलास. मी बघितलं. ती तुझ्याकडेच बघत होती, पापड चावत, राग नाही, काही नाही. जेवणारं पोर जसं रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाकडे बघतं, तसं. तू तेव्हा सीमेवरच्या जवानांपर्यंत पोचला होतास. त्यांना तिथंच सोडून "आमेन" म्हणालास. लोकांना वाटलं, भावना दाटल्या.

तबी हसली. मी तिला म्हटलं, हसू नको. मग मीच हसले.

त्यानंतर तू माझ्या गुडघ्याला हात लावलास, "आजी, समितीची मीटिंग आहे" म्हणालास आणि गेलास. संध्याकाळी कळलं, गाडीही गेली.

आता आजोबांचं. ही गोष्ट तुझी नाही, माझी आहे, आणि तू ती उलटी सांगतोस. तुझा दोष नाही. तू लहान होतास, तुझ्या उंचीवरून तुला जेवढं दिसलं तेवढंच लक्षात राहिलं.

मी लग्न होऊन आले तेव्हा सासू, सासरे, दोन दीर, घरातली लहान पोरं, असं घर. नाव ख्रिस्ती, पण पंगत जगासारखीच. पुरुष आधी, मग पोरं, मग सासू, आणि सून सगळ्यात शेवटी पातेलं निरपून. मी पहिल्या आठवड्यात जेवले ते सगळं गार आणि थोडं. कुणी वाईट नव्हतं. तशी रीतच होती, कुणाच्या ध्यानातही येत नव्हतं.

तुझे आजोबा कमी बोलायचे. आईला उलटून तर कधीच बोलले नाहीत. पण सासऱ्यांचा आवाज गेला होता, म्हणून जेवणाआधीची प्रार्थना थोरला मुलगा म्हणून त्यांच्याकडे होती. एक दिवस वर्कशॉपमधून आले, हात धुतले, नखांत काळं तसंच, पंगतीत बसले, डोळे मिटले. आणि गप्प.

सासू म्हणाली, "कर ना प्रार्थना."

"सगळे बसले नाहीत अजून."

तिनं इकडंतिकडं बघितलं. "बसलेत की सगळे."

"नाही बसले."

दीर म्हणाला, "दादा, भाजी निवली!" हे डोळे मिटूनच बसलेले. सासूनं पोरं मोजली. दारात बघितलं, पाहुणा येतोय की काय. मी चुलीपाशी भाकरी थापत होते. मलाही कळलं नाही, मी पण दाराकडे बघितलं. बऱ्याच वेळानं सासूनं माझ्याकडे बघितलं. मग तिनं पाट सरकवला आणि म्हणाली, "ये बाई, बस. नायतर आज उपाशी ठेवतोय हा."

मी बसले, तेव्हा त्यांनी प्रार्थना केली. लांब नव्हती. भाकरीबद्दल आभार, आमेन.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. पुढं सासूच मला आधी हाक मारायला लागली, तिला गरम खायचं असायचं. आणि त्यानंतर जन्मभर, शमू, मी गरम जेवले. ते गेले त्या दिवसापर्यंत मी बसल्याशिवाय त्यांनी डोळे उघडले नाहीत. तू पाटावर पाय हलवत बसायचास आणि विचारायचास, आजोबा का थांबलेत? मी आतून वरण घेऊन येईपर्यंत ते थांबायचे. तुला वाटलं, सगळे त्यांच्यासाठी थांबलेत. ते माझ्यासाठी थांबलेले असायचे.

एवढंच होतं रे त्यांचं मस्तकपण.

तू फोनवर रोज पहिला प्रश्न बरोबर विचारायचास, "बसलात का सगळे?" तो त्यांचाच. पण तबी ड्युटीवर असायची, रिबू तापानं फणफणलेली, आणि तू उत्तर ऐकायच्या आधीच डोळे मिटून सुरू करायचास.

मी तुला आता ये म्हणत नाही. नळ गळत नाही. ताप गेला. भात गरम असतो. कुठलंच काम तुझ्यावाचून अडलेलं नाही, आणि तबीचं पुण्याचं पत्र लिहून तयार आहे, फक्त पोस्टात टाकायचं आहे. तिनं मला वाचून दाखवलं. 'हो' लिहिलंय.

आज ती लिहिताना नाक पुसतेय. सर्दी आहे म्हणते.

तुझी आजी,
हन्नाबाई


शरणपूर, नाशिक
१८ ऑगस्ट २०२५

चि. शमू आणि चि. तबिथा,

अक्षर बघून घाबरू नका. मंगलाबाईंचं आहे. आता घरात लिहिणारं कुणी उरलं नाही, तेव्हा ओट्यावर जे व्हायचं ते होवो. त्या म्हणतात, मी कुणाला वाचून दाखवत नाही. मी म्हटलं, हेही लिहा.

पुण्याची खोली लहान आहे असं तबी फोनवर म्हणाली. लहानच बरी. माणसाला लपायला जागा राहत नाही. शमू, तुला वर्कशॉपमध्ये काम लागलं हे ऐकून मी तुझ्या आजोबांच्या कबरीवर जाऊन सांगून आले. हात काळे झाले असतील तर धू, पण नखांतलं राहू दे थोडं. शिबिरं सोडू नकोस म्हणते मी. महिन्यातून एखादं कर. फक्त तिथं जे सांगशील ते आधी तबीला वाचून दाखव. ती गप्प राहिली तर दुसरं लिही.

मंगलाबाई विचारतायत, तो घरी आला त्या दिवशी काय झालं, मला नीट सांगितलंच नाहीत. तुम्हा दोघांना माहीत आहे, पण तुम्ही दोघंही त्यात होतात, बाहेरून बघणारी मीच. म्हणून पुन्हा सांगते. मंगलाबाई, लिहा.

माझं ते पत्र गेल्यावर आठवड्यानं, शनिवारी, दिवेलागणीला हा दारात. खांद्याला पिशवी. चपला काढल्या आणि सरळ न्हाणीत गेला. थोड्या वेळानं बाहेर आला, हातात पकड, चेहरा पडलेला.

"आजी, नळ..."

"तबीनं केला. तुला कळवलं होतं."

ती पकड हातात घेऊन तो इतका वेळ उभा होता, की मला वाटलं, याला काम देण्यासाठी काहीतरी मोडावं लागेल.

मग रिबूनं त्याला तोंड उघडून दाताची जागा दाखवली. तोवर नवा दात निम्मा आला होता. त्यानं बोट लावून बघितलं. भात त्यानंच लावला, पाणी जास्त झालं. ताटं त्यानं मांडली. रिबू म्हणाली, "पप्पा, लवकर प्रार्थना करा ना, भूक लागली." तो म्हणाला, "तू म्हण आणि जेव." ती जेवली. मला म्हणाला, "आजी, तुम्हीही घ्या, गोळ्या घ्यायच्यात." मीही जेवले. त्याचं ताट तसंच. वर झाकण.

मला झोप लागलीय असं तुम्हाला दोघांना वाटलं. मला झोप कुठली? मी भिंतीकडे तोंड करून पडले होते आणि आरशातून बघत होते.

तबी आली. बूट काढले. त्याला बघितलं. सिनेमातल्यासारखं काही झालं नाही. म्हणाली, "जेवला नाहीत?"

"सगळे बसले नव्हते."

तिच्या हातातली पिशवी तशीच राहिली जराशी. ते वाक्य तिनंच लिहिलं होतं ना माझ्यासाठी, आपल्या हातानं. पण बाई माझी पक्की. म्हणाली, "मला आधी आंघोळ करायचीय."

"कर."

आणि तिनं सावकाश केली हो मंगलाबाई. केससुद्धा धुतले, अशा वेळी. हा झाकण बघत बसलेला. त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्या ताटातला भात गार झाला. मी मनात म्हटलं, होऊ दे, अजून होऊ दे.

ती येऊन बसली. त्यानं हात जोडले आणि म्हणाला, "तू म्हण."

तबी म्हणाली, "प्रभू, फार भूक लागलीय. आमेन."

निम्मं जेवण झाल्यावर तिनं सांगितलं, पत्र पोस्टात टाकलंय. मला वाटलं, आता उठेल ताटावरून. त्यानं पाणी प्यायलं आणि विचारलं, "खोली केवढी आहे? मी मावेन का?"

तबी म्हणाली, "बघू."

तिच्या 'बघू'त तू कसाबसा मावलास, शमू. आता हातपाय पसरू नकोस.

मला पुण्याला बोलावता, येणार नाही. माझं चर्च इथं, माझा बाक इथं, तुझे आजोबा मागच्या दफनभूमीत, आणि त्यांच्या शेजारची जागा मी सांगून ठेवलीय. घर मोठं वाटतं, हे खरं. संध्याकाळी ताट एकच घेते. नळ गळत नाही, त्यामुळं आवाजही नाही. मंगलाबाई पाटवड्या आणून देतात, आणि माझं खाऊन होईपर्यंत उंबऱ्यात बसून सुनेच्या चहाड्या सांगतात. हे त्या लिहिणार नाहीत म्हणतात. लिहिलं बघा.

कधीकधी घास घेताना मनात येतं. तुझे आजोबा वर पंगतीत बसलेच असतील, डोळे मिटून, हात जोडून. सासू, सासरे, दीर, तुझे आईबाप, सगळी पंगत मांडलेली. कुणीतरी म्हणत असेल, दानिएल, कर की प्रार्थना, भाजी निवली. आणि ते म्हणत असतील, सगळे बसले नाहीत अजून.

येते म्हणावं. नाताळात रिबू येणार आहे, तिच्या करंज्या करायच्यात. तोवर थांबतील. त्यांना सवय आहे.

तुमची आजी,
हन्नाबाई